शंकेची रजा
अविश्वासाने स्वखुशीने रजा घ्यावी, तेव्हाच कल्पित रंगते, असे कोलरिजने १८१७ साली लिहिले. इतरांच्या रजा मंजूर करण्यात आमची हयात गेली. ही एक रजा मात्र आमच्या शंकेखोर मनाने कधी मागितली नाही. १९९८ साली सुरू झालेली ‘सी.आय.डी.’ घरी लागे. डॉ. साळुंखे क्षणार्धात विषाचे नाव सांगत (प्रत्यक्षात असे अहवाल महिनोन्‌महिने येत नाहीत!), दया खांद्याने दार मोडी, आणि आम्ही विचारीत असू, पंचनामा कुठे? एकदा मातोश्री म्हणाल्या, “अरे, त्या साटमांच्या हिंदीत आपल्याकडचं वळण ऐकू येतं, तेवढं ऐकू दे की!” या परमुलखात दिवसभर त्यांच्याशी मराठी बोलणारे कोणी नव्हते. आम्ही गप्प झालो. आता त्या नाहीत. दार मोडते, आम्ही पंचनामा विचारीत नाही.