परका रुग्ण आणि कल्याणकारी राज्य



ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. मजूर पक्षाच्या सरकारातील आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या खाणकामगारांतून वर आलेले. खर्च करातून भागवायचा आणि आजारी माणसापुढे बिल ठेवायचे नाही, हे त्यांचे सूत्र. परदेशी माणसालाही फुकट उपचार कशासाठी, हा ओरडा तेव्हाही झालाच. त्यावर बेव्हन यांचे म्हणणे असे की, परका निवडून काढायचा तर प्रत्येक ब्रिटिश नागरिकालाच ओळखपत्र खिशात घेऊन हिंडावे लागेल. हा मुद्दा भूतदयेचा नव्हता, राज्यव्यवहाराचा होता.

हे शहाणपण पुढे टिकले नाही. २०१४ च्या कायद्याच्या आधारे एप्रिल २०१५ पासून व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार वसूल होऊ लागला. तो प्रारंभी वर्षाला २०० पौंड होता. २०१९ मध्ये ४००, २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रौढांसाठी १,०३५ झाला. मुलांना व विद्यार्थ्यांना ७७६. नवरा-बायको, दोन मुले आणि पाच वर्षांचा व्हिसा असा हिशेब मांडा: १८,११० पौंड, आणि तेही आगाऊ. हाच माणूस उद्या तेथे नोकरीला लागला की प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी इतरांसारखीच भरतो. एका सेवेचे दाम दोनदा घेण्याला अर्थशास्त्रात कोणता सिद्धांत आहे, ते मला चाळीस वर्षांत सापडलेले नाही.

२०१९ मध्ये अध्यापनाच्या निमित्ताने मी उत्तर इंग्लंडात वर्षभर होतो. ४०० पौंड भरलेले होते. दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल मागितले. वीजबिल घरमालकाच्या नावे. बँकेचे पत्रक आणावे, तर बँकही खाते उघडण्यासाठी पत्त्याचाच पुरावा मागत होती. माझा रक्तदाब या वर्तुळाबाहेर वाट पाहत उभा! तीन आठवड्यांनी त्याच दवाखान्यातील एका केरळी परिचारिकेने सांगितले की, नोंदणीसाठी पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा सक्तीचा नाहीच. नियम उदार होता. खिडकीपर्यंत तो पोहोचला नव्हता, एवढेच.

मी वर्षाने परतणारा पाहुणा होतो. ज्यांना परतायला दुसरे घरच नव्हते, त्यांचे काय झाले ते २०१८ मध्ये उघड झाले. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांतून रीतसर आलेल्या, आयुष्यभर कर भरलेल्या लोकांपाशी कागद नव्हते, म्हणून ते परके ठरले. लंडनमध्ये ४४ वर्षे राहिलेल्या एका गृहस्थांकडे कर्करोगावरील उपचारांसाठी ५४,००० पौंड मागण्यात आले. बेव्हन यांची भीती खरी ठरली, आणि तीही ब्रिटनलाच आपले घर मानणाऱ्या माणसांच्या बाबतीत.

ती परिचारिकाही तेव्हा अधिभार भरत होती. ज्या सेवेत राबायचे, तिच्याच दाराशी प्रवेशमूल्य द्यायचे! मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत असे कर्मचारी मृत्युमुखी पडू लागल्यावर आणि विरोधकांनी संसदेत धारेवर धरल्यावर सरकारने त्यांना सूट जाहीर केली. हॉटेलातला आचारी आणि विद्यापीठातला विद्यार्थी मात्र आजही भरतातच.