डोके व मान तपासणी : परिचारिका वर्गाच्या निमित्ताने

आम्ही हिशेबाची माणसे. तरी या वर्गाविषयी आवर्जून बोलतो. मलकापुरापासून आंब्यापर्यंत शाहूवाडीत तंबाखू-मिश्रीची सवय जुनी आहे. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तीन बोटेही न मावणारा आखडलेला जबडा, मानेतील टणक गाठ : ही चिन्हे ओळखण्यास बॅटरी, हातमोजे आणि शिकलेली बोटे पुरतात. रुग्णामागे उभे राहून, पाण्याचा घोट गिळावयास सांगून गलग्रंथी चाचपावी. मानेच्या दोन्ही धमन्या मात्र एकाच वेळी कधीही दाबू नयेत. मिश्री लावणारी माउली डॉक्टरांसमोर पदर तोंडाशी धरते, परिचारिकाताईंसमोर तो सोडते. म्हणून यंदाच्या निधीतून यंत्रखरेदीआधी या विद्यार्थिनींचा खर्च मंजूर व्हावा, ही विनंती.