थांबू शकणारं जेवण

(नगर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



१३ जून २०२२ ला शिकागोत जेम्स बिअर्ड फाउंडेशनचे पुरस्कार दिले गेले. हॉटेलवाल्यांच्या जगात अमेरिकेत याहून मोठा मान नाही. त्या रात्री देशातलं सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंट म्हणून जे नाव पुकारलं गेलं, ते न्यूयॉर्कचं नव्हतं आणि सॅन फ्रान्सिस्कोचंही नव्हतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल या डोंगराळ भागातल्या शहरातलं ते ‘चाय पानी’ होतं. तिथे मिळतं काय, तर भेळ, शेवपुरी, वडापाव, पावभाजी. आणि त्याचे मालक मेहरवान इराणी लहानाचे मोठे झाले ते इथे, आपल्या नगरला. म्हणून अमेरिकेतल्या भारतीय जेवणाचा हा विषय बोलायचा तर या गावात बोलावा, असं मी संयोजकांना आपण होऊन कळवलं होतं.

ती बातमी वाचली तेव्हा मला ओहायोतली १९८९ सालची एक दुपार आठवली. आम्ही नुकतेच तिकडे गेलो होतो. शेजारी एक बाई राहायच्या, शाळेत ग्रंथपाल होत्या. मोठ्या मायेच्या. त्यांनी मला ‘तुमचं जेवण’ खायला नेलं. काचेच्या दारावर ताजमहाल, आत सतारीची कॅसेट आणि भिंतीलगत वाफेच्या पाण्यावर ठेवलेले स्टीलचे ट्रे. नान, तंदुरी चिकन, चिकन टिक्का मसाला, साग पनीर, छोले, शेवटी गुलाबजाम. बाई आनंदाने वाढून घेत होत्या आणि मला प्रत्येक पदार्थाबद्दल विचारत होत्या. मला निम्म्यांची नावंही ठाऊक नव्हती. मी साताऱ्याच्या बाजूची. आमच्या घरात पनीर कधी आलेलं नव्हतं. ‘तुम्ही घरी हे रोज करता?’ असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, तेव्हा त्या बुचकळ्यात पडल्या. पुढे कितीतरी वर्षं मी याचाच शोध घेत राहिले: अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे ‘भारतीय जेवण’ म्हणून जे येतं, ते नेमकं कुणी आणि का ठरवलं?

सुरुवात पाहू. १८९९ साली लुई शेरी या न्यूयॉर्कच्या बड्या हॉटेलमालकाने लंडनहून एक आचारी आणला. नाव रणजी स्माइल, मूळचा कराचीचा. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या श्रीमंतांपुढे तो करी मांडायचा, वर्तमानपत्रं त्याच्यावर रकाने भरून लिहायची आणि पुढे तो स्वतःला राजपुत्र म्हणवू लागला. तो नवलाईचा काळ होता. त्याच्या मागोमाग आले ते जहाजांच्या भट्ट्यांपुढे कोळसा ओढणारे बंगाली खलाशी. बंदरात उतरायचं आणि परत चढायचंच नाही, असं करून ते न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिसळून गेले, आणि त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन बायकांशी संसार थाटले. त्यांच्यातले काहीजण पुढे खाणावळी चालवू लागले. कॅलिफोर्नियात शेतीवर गेलेल्या पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. युबा सिटीत अशाच एका घराच्या ‘एल रांचेरो’ या हॉटेलात १९५४ पासून रोटीच्या घडीत चीज घालून केलेला केसादिया मिळायचा. हे सगळं फार मोलाचं आहे, पण फार थोडं. कारण १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला दारच बंद झालं होतं, आणि १९४६ साली ते किलकिलं झालं तेव्हा वर्षाला शंभर माणसं, एवढाच वाटा ठरला.

इथे चिनी लोकांचा विचार करा. त्यांच्यावरही १८८२ पासून बंदी होतीच. पण व्यापाऱ्यांना सूट होती, आणि १९१५ साली न्यायालयाने हॉटेलमालकाला त्या व्यापाऱ्यांत बसवलं. म्हणजे हॉटेल काढणं हा माणसं अमेरिकेत आणण्याचा एक मार्गच झाला. पै-पै जमवून भाऊबंदांनी मिळून हॉटेलं काढली, गावोगावी. आपलं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि त्यातून आले डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक. त्यांना पोटासाठी खाणावळ काढायची गरज नव्हती. आज अमेरिकेत भारतीय आणि चिनी वंशाचे लोक जवळपास सारखेच, पन्नास लाखांच्या आसपास. तरी प्यू या संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात आशियाई रेस्टॉरंटांपैकी ३९ टक्के चिनी निघाली आणि ७ टक्के भारतीय. ‘आपलं जेवण त्यांना झेपत नाही’ असं आपण सहज म्हणतो. मला हे कारण पटत नाही. चव पोचण्याआधी तव्यापाशी उभा राहणारा माणूस पोचावा लागतो.

ज्यांनी हॉटेलं काढली, त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, आणि आता मी जे सांगणार आहे ते त्यांना नावं ठेवण्यासाठी नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर एका रांगेत भारतीय म्हणवणारी हॉटेलं होती, ती बहुतेक सगळी सिल्हटच्या बांगलादेशी लोकांची. घरी ते मासळी-भात खायचे, पाटीवर मात्र तंदुरी आणि कोर्मा. इतर शहरांत बरेचसे पंजाबी. भांडवल तुटपुंजं, घरातलीच माणसं राबणार, आणि दुपारच्या जेवणाला गिऱ्हाईक खेचायचं तर एकच उपाय होता, तो म्हणजे बफे. न जाणणाऱ्या माणसाला बफे सोयीचा असतो. नाव उच्चारावं लागत नाही, चमचाभर घेऊन पाहता येतं, नाही आवडलं तर पैसे वाया जात नाहीत. लाखो अमेरिकनांनी आपलं अन्न पहिल्यांदा चाखलं ते असं, सहा-सात डॉलरांत.

पण बफेच्या त्या ट्रेचे स्वतःचे नियम असतात. आरोग्य खात्याच्या दंडकाप्रमाणे अन्न साठ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम राहिलंच पाहिजे. साडेअकरा ते अडीच, तीन तास. आता आपल्या स्वयंपाकघरातला एकेक पदार्थ मनाने त्या ट्रेमध्ये ठेवून पाहा. फुलका? पाच मिनिटांत चिवट. ज्वारीची भाकरी? तिचं नावच नको. फोडणीचा वास उडून जातो, कढीपत्ता काळा पडतो, कोशिंबिरीला पाणी सुटतं, परतलेल्या भेंडीचा गोळा होतो, थालीपिठाचा कुरकुरीतपणा जातो. मग टिकतं काय? कांदा-टोमॅटोची दाट ग्रेव्ही, आणि ती सुकू नये म्हणून वर साय आणि लोणी. शिजवून ठेवलेलं एकच वाटण, त्यात कोंबडी घातली की एक पदार्थ, पनीर घातलं की दुसरा. तिखट किती हवं ते गिऱ्हाईक ठरवणार, कमी, मध्यम की जास्त, आणि त्याप्रमाणे वरून पूड. हजारो वर्षांच्या, शेकडो जातीजमातींच्या, डोंगर-दर्याच्या स्वयंपाकातून जे थांबू शकत होतं तेवढंच त्या चाळणीवर उरलं. आणि तेच भारतीय जेवण ठरलं.

मग तिथला माणूस म्हणतो, तुमचं जेवण जड असतं, तेलकट असतं, सगळं एकाच चवीचं लागतं. त्याने जे खाल्लं त्याबद्दल तो खोटं बोलत नसतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या एका विनोदी स्तंभात जीन वाइनगार्टन यांनी लिहिलं, की भारताचं सगळं जेवण एकाच मसाल्यावर उभं आहे. केवढा गदारोळ झाला. पद्मा लक्ष्मी यांनी त्याच वर्तमानपत्रात उत्तर दिलं आणि पत्राला दुरुस्ती छापावी लागली. मीही तेव्हा खूप चिडले होते. पण शांत झाल्यावर मला तो स्टीलचा ट्रे दिसू लागला.

खरं म्हणजे याचं उत्तर मधुर जाफरी यांनी १९७३ सालीच देऊन ठेवलं होतं. ‘अ‍ॅन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग’ या त्यांच्या पहिल्या पुस्तकात ‘करी’ या शब्दावरच त्यांनी कठोर आक्षेप घेतला. एवढ्या मोठ्या पाकपरंपरेला त्या एका शब्दात कोंबणं त्यांना अपमानाचं वाटत होतं. हॉटेलांतून जे मिळत नाही ते घरी रांधून पाहा, असा त्या पुस्तकाचा आग्रह होता, आणि अमेरिकन बायका-पुरुषांनी तो ऐकला. आमच्या ग्रंथपालबाईंकडे त्याची हळदीचे डाग पडलेली प्रत होती.

आणि शास्त्र काय सांगतं? जोधपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१५ साली अडीच हजारांच्या घरात भारतीय पाककृती तपासल्या. त्या घेतल्या होत्या तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरून. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या स्वयंपाकात ज्यांची गंधद्रव्यं एकमेकांशी जुळतात असे पदार्थ एकत्र यायची ओढ दिसते. आपल्याकडे नेमकं उलट आढळलं. गंधाच्या दृष्टीने परस्परांशी न जुळणाऱ्या वस्तू आपण एका भांड्यात आणतो, आणि त्यात मसाल्यांचं काम सर्वांत मोठं. आमटीत गूळ, चिंच आणि गोडा मसाला घालणाऱ्या कुठल्याही बाईला हे हाताने ठाऊक असतं.

आता पैशाची गोष्ट, कारण ती टाळून चालणार नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातले कृष्णेंदु राय यांनी ‘द एथ्निक रेस्टॉरेटर’ या पुस्तकात वेगवेगळ्या देशांच्या जेवणाला न्यूयॉर्कचा माणूस किती दाम मोजतो, हे तपासलं. फ्रेंच आणि जपानी वर. भारतीय, चिनी, मेक्सिकन खाली. त्यांचं म्हणणं असं, की ज्या देशातून गरीब माणसं सतत येत राहतात, त्या देशाचं जेवण स्वस्तच असलं पाहिजे, असं गिऱ्हाईक धरून चालतं. इटालियन जेवणही एके काळी असंच खालच्या पायरीवर होतं. स्वस्त जेवणाला चांगला आचारी ठेवता येत नाही, ताजं करून वाढता येत नाही, म्हणजे पुन्हा तोच ट्रे.

हे चक्र मोडायला ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांत मी फ्लॉइड कार्डोझ यांचं नाव आधी घेईन. मुंबईत वाढलेला गोवेकर घरातला हा माणूस. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअरपाशी त्यांच्या हाताखाली ‘तबला’ सुरू झालं. अमेरिकन मासळी, अमेरिकन भाज्या, आणि मसाला आपला. दाम फ्रेंच हॉटेलांच्या बरोबरीचे. बारा वर्षं चालून २०१० च्या अखेरीस ते बंद झालं. पुढच्याच वर्षी ‘टॉप शेफ मास्टर्स’ या दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत अंतिम फेरीला त्यांनी काय मांडलं असेल? उपमा. जंगली अळंबी घातलेला, कोकम आणि नारळाच्या दुधाच्या साथीने. आणि ते जिंकले. कोकणातल्या प्रत्येक घरात ज्याची बरणी असते ते आमसूल त्या झगमगाटात परीक्षकांपुढे गेलं, हे आठवलं की आजही माझे डोळे भरून येतात. २४ मार्च २०२० ला कोविडने त्यांना नेलं. जेमतेम एकोणसाठ वर्षांचे होते.

त्यांच्यानंतरच्या पिढीने समजावून सांगणं सोडलं आणि आपापलं गाव ताटात मांडलं. न्यूयॉर्कच्या ‘धमाका’ या हॉटेलात चिंतन पंड्या यांनी राजस्थानी पद्धतीचा अख्खा ससा ठेवला, पण तो अठ्ठेचाळीस तास आधी सांगावा लागायचा. ‘सेम्मा’त विजय कुमार तमिळ खेड्यातल्या भातखाचरांतल्या गोगलगाई रांधतात, बटर चिकन तिथे मिळत नाही. २०२२ साली पंड्या यांना आणि २०२५ साली विजय कुमार यांना न्यूयॉर्क राज्यातले सर्वोत्तम शेफ म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. वॉशिंग्टनच्या ‘रसिका’त लोक वर्षानुवर्षं ज्यासाठी येतात ते पालक चाट, तळलेल्या कुरकुरीत पानांवर दही आणि चटणी, टेबलावर आलं की लगेच खावं लागतं.

आणि ‘चाय पानी’ची भेळ. भेळ तर थांबतच नाही. चिंचेचं पाणी पडलं की चुरमुरा मऊ व्हायला लागतो. गाडीवाला हात झटकत कागद पुढे करतो तो त्यामुळेच. मेहरवान इराणींच्या तिथला सर्वांत गाजलेला पदार्थ मात्र भेंडी आहे. काडीसारखी बारीक चिरून, कडक तळून, वर लिंबू आणि मीठ. दक्षिणेकडच्या अमेरिकन माणसाला भेंडी परकी नाही. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर ती तिथे गेली आणि त्या मातीत रुजली. तीच भाजी नगरच्या मुलाने वेगळ्या हाताने तळली, आणि तिथल्या लोकांनी ती आपली म्हणून खाल्ली. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी चवीकडे असं नेता येतं.

आपल्या मराठी जेवणाचं काय, असं तुम्ही विचाराल. न्यू जर्सीत एडिसन-इसेलिनला वडापाव आणि मिसळ मिळते, घरोघरी पोळी-भाजीचे डबे करून देणाऱ्या बायका आहेत, गणपतीत मंडळांच्या पंगती उठतात. पण हे सगळं आपणच आपल्यासाठी केलेलं. भरली वांगी, पाटवडी रस्सा, मासवडी, झुणका-भाकरी अजून अमेरिकन माणसाच्या ताटात पोचायची आहेत. भाकरीला थापणारा हात लागतो, आणि तव्यावरून थेट पान लागतं.

२०१८ साली मी ओहायोत पुन्हा गेले होते. ग्रंथपालबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. माझ्या मुलाकडे त्यांना जेवायला बोलावलं. न्यू जर्सीहून ज्वारीचं पीठ नेलं होतं. मी म्हटलं, तुम्ही टेबलाशी बसा, मी आणून देते. त्या ऐकेनात. काठी टेकत ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. भाकरी तव्यावरून आचेवर गेली, टम्म फुगली, आणि त्यांनी लहान मुलीसारखा ‘ओ!’ केला. मी ती मोडून पिठल्याबरोबर त्यांच्या हातात दिली. बोटं पोळत होती तरी त्यांनी तिथेच उभ्याने खाल्ली. मग ताटली पुढे धरून म्हणाल्या, ‘दुसरीला किती वेळ लागेल? मी थांबते.’