पंचावन्न टक्केवाल्यांचे काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज कापसाचा पैसा घरातून कसा जातो, त्यातली एक वाट सांगतो.

निकाल लागला की नव्वद टक्केवाल्याचा फोटो पेपरात येतो. नापास झालेला बापाबरोबर औतामागे जातो. मधला पंचावन्न टक्केवाला, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचा पोरगा किंवा पोरगी, त्याचे काय करायचे हे कोणी सांगत नाही. सांगायला येतो तो तालुक्याचा एजंट. "मार्क कमी आहेत, लाखभर टाका, सीट पक्की करतो."

हा लाख आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. तो पुरता हातात पडला असे धरले (तुम्ही हसता ते बरोबरच आहे), तरी लाखाला सव्वाबारा क्विंटलच्या वर कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा. तीन एकरांचा सगळा कापूस गेला, आणि बियाणे, फवारणी, वेचाई अजून वजा केलेली नाही. संकरित ज्वारी विकायची तर ३,६९९ च्या भावाने सत्तावीस क्विंटल.

एवढे मोजून पुष्कळदा मिळते काय? वरचा एक पैसा न देता मिळाली असती तीच जागा!

अभियांत्रिकीला बारावीच्या ठरलेल्या विषयांत खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के पुरतात. सीईटीत गुण शून्याच्या वर पाहिजेत. म्हणजे पंचावन्नवाला पात्र आहे. भानगड आहे ती रांगेची. कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी त्या कॉलेजात, त्या शाखेत, शेवटी आत गेलेल्या पोराचा आकडा. नामांकित सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरच्या रांगेत सगळा महाराष्ट्र उभा असतो. तिथे आपला नंबर लागणार नाही, हे मुकाट मान्य करा. पण राज्यात दरवर्षी अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहतात, आणि एजंट विकतो त्या बहुधा याच. रिकामी राहणारी जागा विकत घ्यायची नसते. उलट ती रिकामी का राहते, हे त्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना जाऊन विचारायचे असते.

फॉर्म पोराने स्वतः भरावा. कॉलेजांची यादी लांब द्यावी, आणि खरोखर हवे ते वर लिहावे. पहिल्या पसंतीचे लागले तर ते आपोआप पक्के होते, मग बदलता येत नाही.

दहावीलाच पंचावन्न असतील तर माझे मत स्पष्ट आहे. पॉलिटेक्निक पाहा. ३५ टक्क्यांपासून पात्रता, सीईटी नाही, तीन वर्षांत डिप्लोमा. नंतर शिकायचे असेल तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. सरकारी पॉलिटेक्निक मिळाले तर खर्चही आवाक्यात राहतो. अकरावी-बारावीची शिकवणी लावून दोन वर्षे शहरात खोली घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

आता फीचे. खासगी कॉलेजात २० टक्के जागा व्यवस्थापनाच्या असतात. तिथून गेलात तर सरकारी फीसवलत गेली. सरकारी फेरीतून गेलात तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या खुल्या वर्गाच्या मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क पुरते माफ झाले. पोरीला बारावीनंतर घरी बसवणाऱ्यांनी हे ऐकावे. एजंट सवलतीचा विषय काढणार नाही, त्याचे पोट व्यवस्थापनाच्या जागेवर आहे.

पोरे मार्कांवर अडतात त्याहून जास्त कागदांवर अडतात, असे मला दिसते. राखीव जागेला जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी लागते. नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चला संपते, आणि जूनमध्ये तहसीलीसमोर रांग लागते. त्या दाखल्यासाठी आठ लाखांची मर्यादा मोजताना शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. सेतूवर कोणी ते मिळवून बेरीज करीत असेल तर तिथेच हटका.

पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सच्या पोराला कॉलेजमार्फत करता येतो. ज्यांची पोरे या वर्षी अकरावीत आहेत त्यांनी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला आत्ताच लागावे. जुन्या शाळेत नोंदवही काढून देणारा माणूस पहिल्या फेरीत कधी भेटत नाही.