पोराच्या बाजूनं कागद कोण लिहिणार?

(युवक मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत माल उतरवतो आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तरी आज कायद्यावर बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेच्या. कुणी म्हणेल, इथली दुखणी काय कमी आहेत? कमी नाहीत. पण तिकडं एक माणूस आहे. तो वकील नाही, पुढारी नाही. त्याचं काम तुमच्यापुढं ठेवायचंय. त्याला पॅरालीगल म्हणतात. वकिलाच्या हाताखाली कागदाचं काम करणारा. मी सांगतोय तो कोठडीतल्या पोरांचे कागद करतो.

कुठली पोरं? बरीचशी ग्वातेमाला, होन्डुरास, एल साल्वादोरची. गरिबी, टोळ्यांची खंडणी, घरातली मारझोड, ह्यातून निघालेली. संगती आईबाप नाहीत. सीमेवर पकडली की आधी सीमा पोलिसांच्या खोल्यांत. त्या खोल्या इतक्या गार की पोरं त्यांना स्पॅनिशमध्ये 'हिएलेरा' म्हणतात, म्हणजे बर्फाची पेटी. अंगावर वर्खासारख्या चकाकत्या कागदाचं पांघरूण. २००८ चा कायदा सांगतो की ७२ तासांच्या आत ह्या पोरांना निर्वासित पुनर्वसन खात्याच्या निवाऱ्यात पाठवा. निवाऱ्यात जेवण आहे, शिकवणी आहे. फक्त मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही.

ही सवलत कुणी दयेनं दिली नाही. १९८५ साली एल साल्वादोरच्या १५ वर्षांच्या एका मुलीच्या नावानं खटला उभा राहिला. बारा वर्षं भांडण चाललं. १९९७ ला सरकारनं करारावर सही केली : पोरांना विनाकारण डांबणार नाही, सुरक्षित आणि स्वच्छ जागी ठेवू. हाच तो फ्लोरेस करार. आणि २०१९ ला त्याच सरकारची वकील वरच्या कोर्टात उभी राहून म्हणत होती, करारात साबण आणि दात घासायचा ब्रश असं कुठं लिहिलंय?

बघा, कागद किती मोलाचा असतो. एक शब्द लिहायचा राहिला तर पोराचा साबण जातो.

आता कोर्ट. एका बाजूला सरकारचा वकील. दुसऱ्या बाजूला पोर. १९६७ पासून अमेरिकेत चोरीचा आरोप असलेल्या गरीब पोरालासुद्धा सरकारनं वकील द्यावा लागतो. पण सीमा ओलांडलेल्या पोराला नाही. का? तर म्हणे हा दिवाणी मामला. हाकलून देणं ही शिक्षाच नव्हे! एका वरिष्ठ न्यायाधीशानं तर शपथेवर सांगितलं की मी तीन-चार वर्षांच्या पोरांनाही हा कायदा शिकवलाय. २०१६ ला हे छापून आलं. च्यायला, तीन वर्षांचं पोर चड्डीची नाडी बांधू शकत नाही!

मी गोदीत रोज बघतो. पेटी उतरली की तिच्यावर नंबर असतो. तिच्यासाठी कस्टममध्ये क्लिअरिंग एजंट धावतो. मालाच्या वतीनं बोलणारा माणूस आहे. सीमेवरच्या पोरालाही नंबर मिळतो, 'ए' अक्षराचा. बोलणारा मिळेलच असं नाही.

तिथं हा पॅरालीगल येतो. रंगीत खडू घेऊन. आधी सगळ्यांना बसवून चित्रं काढून सांगतो : न्यायाधीश कोण, तुमचा हक्क काय. मग एकेकाला घेऊन विचारतो. गाव का सोडलं? मारायचं कोण? परत गेलास तर काय होईल? पोर गप्प बसतं. तो थांबतो. पुन्हा दुसऱ्या दिवशी येतो. ग्वातेमालाच्या पुष्कळ पोरांना स्पॅनिशही धड येत नाही. त्यांची बोली माम, किचे, केक्ची. अर्ज मात्र इंग्रजीतच भरायचा.

आणि अर्जाला पोराचं दुःख चालत नाही, कारण लागतं. आश्रय हवा तर छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट ह्या पाचांपैकी एकापायी झालेला पाहिजे. भूक त्यात नाही. बापानं किंवा आईनं टाकलं, मारलं असेल तर १९९० च्या कायद्याची वेगळी वाट आहे. पोराला विकलं, राबवलं असेल तर तिसरी. कोणती वाट कुणाला, हे वकिलाला ठरवता यावं म्हणून पोराचं बोलणं नीट टिपून घ्यायचं. त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही. वर तारखा सांभाळायच्या. अठरावा वाढदिवस तर फार जपायचा. कारण त्या दिवशी कितीक पोरांना बेड्या घालून थेट मोठ्यांच्या कोठडीत नेलंय.

व्हालेरिया लुइसेली ही मेक्सिकोची लेखिका न्यूयॉर्कच्या कोर्टात हेच दुभाष्याचं काम करत होती. चाळीस प्रश्नांची यादी, आणि पोरांची तुटक उत्तरं. २०१७ ला तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. लेखकानं आधी दुसऱ्याचं ऐकून टिपावं, हे मी तिच्याकडून घेतलं.

तुमच्यातला एखादा उठून म्हणेल, हे तर तुरुंगाला तेल घालणं झालं. कागद नीट झाले की कोठडी कायदेशीर दिसते. मला हा आक्षेप खरा वाटतो. कोठडीच नको, हे भांडण रस्त्यावरच भांडावं लागेल. पण आत बसलेल्या पोराची तारीख उद्या सकाळी आहे. त्याला मोर्चाची वाट बघायला सांगायचं कोणत्या तोंडानं?

आणि हे काम बिनकामाचं असतं तर सत्तेनं ते आधी तोडलं नसतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं जवळजवळ २६,००० पोरांच्या वकिलीचा पैसा बंद केला. एप्रिलमध्ये कोर्टानं तो पुन्हा सुरू करायला लावला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टच्या रात्री ग्वातेमालाच्या पोरांना झोपेतून उठवून परत पाठवायला काढलं. वकिलांनी मध्यरात्रीनंतर अर्ज टाकला. वॉशिंग्टनच्या न्यायाधीश स्पार्कल सूकनानन ह्यांनी पहाटे मनाई हुकूम दिला. टेक्सासात विमानात बसवलेली पोरं खाली उतरली. एका अर्जानं विमान थांबलं, दोस्तहो.

आता आपल्याकडं. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींना, बायकांना, पोरांना, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क आहे. अमेरिकेतल्या त्या पोराला जे नाही ते आपल्या कायद्यात लिहिलेलं आहे. पण चौकीत बसवलेल्या आपल्या पोराला हे सांगतो कोण? २००९ पासून सरकारची विधी स्वयंसेवकांची योजना आहे. त्यांना पॅरालीगलच म्हणतात. पात्रता काय? लिहिता-वाचता यावं, शक्यतो मॅट्रिक. म्हणजे तुम्ही आणि मी.

घोषणा आपल्याला येतात. आता अर्ज लिहायला शिकू. भाषणं संपली की मी वही घेऊन दारापाशी बसतो. ज्याला यायचंय त्यानं नाव आणि पाळीची वेळ लिहून जावं.