मोबाईल, मन आणि स्वाभिमान

(आपल्या विहारात वर्षावासानिमित्त दिलेले व्याख्यान)



वर्षावासात धम्मावर बोलायचे सोडून मोबाईलवर काय बोलायचे, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण आज घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. "पोरगं जेवताना मान वर करत नाही, रात्रभर जागतं, काही बोललं की अंगावर येतं." ही तक्रार खरी आहे. परंतु त्या पोराच्या मनात काय चालले आहे, हे विचारणारे घर क्वचितच सापडते. म्हणून मी आज मोबाईलपेक्षा त्याच्या मनाबद्दल आणि स्वाभिमानाबद्दल जास्त बोलणार आहे.

बंधू-भगिनींनो, स्वाभिमान आपल्याला कोणी दान म्हणून दिलेला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा केवळ तहान भागवायची नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली, ती काही केवळ पूजेची पद्धत बदलण्यासाठी नव्हती. 'तू हीन आहेस' असे पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्यांची मोजपट्टीच परमपूज्य बाबासाहेबांनी नाकारली. माझी किंमत दुसरा ठरवणार नाही, हा त्याचा अर्थ.

आता विचार करा, इतक्या मोलाने मिळवलेली ही मोजपट्टी आपली मुले आज कोणाच्या हातात देत आहेत? फोटो टाकला, किती लाईक आले? मैत्रिणीला दोनशे आले, मला वीसच का? मी काळी दिसते का? माझ्या मागे पत्र्याची भिंत दिसली म्हणून तर नाही ना? फेसबुकवर लाईकचे बटण २००९ साली आले. म्हणजे आजचे कॉलेजातले पोर कळते झाले तेच या मोजमापात.

कोणी विचारेल, बौद्ध तर आत्मा मानत नाहीत, मग आत्मसन्मान कुठून आणला? प्रश्न योग्य आहे. धम्मात 'मान' नावाची एक मनोवृत्ती सांगितली आहे. मी दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ, मी त्याच्या बरोबरीचा आणि मी त्याच्यापेक्षा हीन, हे तिन्ही 'मान' या बंधनाचेच प्रकार होत. स्वतःला हीन समजणे ही नम्रता नाही, तेही बंधनच आहे. ही तथागतांची दृष्टी किती खोल आहे पाहा! मोबाईल दिवसभर आपल्याला या तीन पायऱ्यांवर वर-खाली नाचवत असतो. बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान तुलनेवर उभा नाही. तो शील, विद्या आणि स्वतःच्या कष्टावर उभा आहे. म्हणून तो वीस लाईकने कमी होत नाही आणि दोनशेने वाढत नाही.

आता व्यसन कशाला म्हणायचे ते पाहू. मोबाईल हातात असलेला प्रत्येक मुलगा व्यसनी नव्हे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाईलवर भरली. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आज मोबाईलवर वाचता येतात. तेव्हा वस्तूला दोष देऊन उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार घातला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा तीन. थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. जेवण, अभ्यास, मित्र, झोप यांपेक्षा खेळ मोठा होतो. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही तो चालूच राहतो. हे साधारण वर्षभर चालले, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. नुसते इंटरनेटचे व्यसन या नावाने त्या यादीत वेगळा आजार नाही. पण या तीन खुणा रीलच्या बाबतीतही घरात लावून पाहा, शहाणपणाचे ठरेल.

हे सुटत का नाही? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर भूक भागली की थांबते. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे केले की ते चोच मारतच राहते. जुगाराचे तेच तत्त्व आहे. पुढची रील कदाचित फार मजेची असेल, पुढच्या वेळी कदाचित कोणाचा मेसेज आला असेल, या 'कदाचित'वर बोट सरकत राहते. आणि हे फक्त पोरांचेच नाही हो! ऑनलाइन रमीत पगार घालवणारे बापही आपल्यातच होते. पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. पण कायद्याने मनातली ओढ जात नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आता सांगतो. पुष्कळदा व्यसन आधी येत नाही, जखम आधी येते. वर्गात इंग्रजी बोलता आले नाही म्हणून हसले, 'कोट्यातून आला' असे कोणी टोचले, नापास झाला, नोकरीची परीक्षा तिसऱ्यांदा हुकली. बाहेर ज्याला कोणी विचारत नाही, त्याला खेळात पुढची लेव्हल मिळते, तिथे तो जिंकतो. म्हणजे तो पळून जातो ते जिथे मान मिळतो तिथे. मग झोप बिघडते, अभ्यास बिघडतो, त्यामुळे स्वतःबद्दलचे मत आणखी खाली जाते आणि ते विसरायला पुन्हा मोबाईल. असे हे चक्र आहे. त्यात आपण घरचे काय करतो? "तू वाया गेलास, तुझ्यासाठी रक्त आटवलं ते मातीत गेलं," असे सर्वांदेखत म्हणतो. आधीच जखम आहे, त्यावर आपण मीठ चोळतो.

शिवाय, आपल्या मुलांची एक जखम वेगळी आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली घाणेरडी भाषा वाचणारा आपला चौदा वर्षांचा मुलगा घरात कोणाला सांगत नाही. रात्रभर एकटाच उत्तरे देत बसतो. त्याला सांगा, प्रत्येक शिवीला उत्तर देणे हे चळवळीचे काम नव्हे. स्क्रीनशॉट काढून ठेव, मोठ्या माणसांना दाखव. जाहीरपणे केलेली जातिवाचक शिवीगाळ मोबाईलवरची असली, तरी १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रारीचा विषय होऊ शकते.

आपल्या पंचशीलातले पाचवे शील मद्याचे आहे. पण तिथे कारण काय सांगितले आहे? प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. ज्याने माणूस बेसावध होतो त्याच्यापासून दूर राहा. धम्मपदात अप्रमादावर स्वतंत्र वग्ग आहे, तो उगाच नाही. प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तृष्णा निर्माण होते असे सांगितले आहे. मोबाईल वाजला ही संवेदना, आणि हात गेला ही तृष्णा. या दोहोंच्या मध्ये एक क्षण असतो. तो क्षण पकडणे म्हणजे सती. आनापानसतीचा सराव मुलांना रोज दहा मिनिटे द्या. वाजले तरी तीन श्वास थांबायचे, मग ठरवायचे. हा मंत्र नव्हे, हा व्यायाम आहे. सरावाने जमतो.

घरात काय करायचे? बाबासाहेब शाळेत असताना परळच्या चाळीत एकाच खोलीत सारे कुटुंब राहत होते. सुभेदार रामजीबाबा भीमाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत, असे चरित्रकार सांगतात. आज रात्री दोन वाजता आपल्याकडेही मूल जागे असते, पण त्याच्यासाठी जागणारे कोणी नसते. रामजीबाबांनी नुसता उपदेश केला नाही, अडचणीत जागा आणि वेळ काढून दिला. आपणही तसेच करू. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल एका ठिकाणी, आईबापांचे सुद्धा! वाढत्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. एकदम हिसकावून घेऊ नका, थोडे थोडे कमी करा. आणि मोबाईल काढलात तर त्या जागी काहीतरी द्या. विहाराची अभ्यासिका, खेळाचे मैदान, भीमजयंतीच्या हिशेबाचे काम, लहान मुलांची शिकवणी. ज्याला जबाबदारी मिळते त्याला मान मिळतो.

आणि एवढ्यानेही भागले नाही तर? दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास आहे, खात नाही, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलते, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. मधुमेहाला गोळी घेतो, तशीच मनालाही लागते, त्यात लाज कसली? केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फुकट बोलता येते, मराठीतही. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालतो. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

तरुण मित्रांनो, शेवटचे तुम्हाला. तुमच्या आजोबांनी गावकुसाबाहेर राहूनही मान खाली घातली नाही. तुम्ही ती मोबाईलसाठी खाली घालू नका. तुमची किंमत कोणत्याही पडद्यावर लिहिलेली नाही. मन दुखले तर बोला. घरात नाही जमले तर या विहारात या, इथे तुम्हाला कोणी हसणार नाही. आणि पालकहो, ते आले तर आधी ऐका, मग बोला.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जयभीम!