बॅट मुलीच्या मापाची हवी

 

आज आपण क्रिकेटच्या सामानाबद्दल बोलू. एखादी म्हणेल, शेळीपालन, मसाले, कर्जफेड सोडून हे काय मध्येच? पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती. तेव्हापासून आमच्याकडे गटाच्या बैठकीत एक नवीन वाक्य ऐकू यायला लागलं, "पोरगी बॅट मागतेय." मग आमच्या गटांनी मिळून गावातल्या मुलींसाठी सामानाचा एक संच घेतला. तो सांभाळताना आम्ही जे शिकलो, शिकवणाऱ्या मास्तरांकडून आणि दुकानातल्या कारागिरांकडून जे समजून घेतलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट मापाची. घरात मुलीला बॅट मिळते ती बहुतेक वेळा भावाची जुनी. पॅड चुलत्याचे, हेल्मेट कुणाचं तरी उरलेलं. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी होती. पॅड इतके मोठे की पळताना एकमेकांवर आपटायचे. दोनदा धावबाद झाली आणि लोक म्हणाले, "पोरींना पळताच येत नाही." तिला मापाचे पॅड मिळाले, तेव्हा तीच मुलगी एकेरीच्या जागी दोन धावा काढायला लागली. मुलगी तीच होती, तिचे पायही तेच होते. सामानात दोष असतो आणि बोल मुलीला लागतो, हे आपण थांबवायला हवं. हातात बोथट विळा देऊन बाईला कापणी येत नाही म्हणण्यासारखंच आहे ते.

बॅटचं माप घरी बघता येतं. मुलीला खेळायचे बूट घालून सरळ उभं करा. बॅटचं खालचं टोक तिच्या पायाच्या बोटांपाशी टेकवा आणि मूठ तिच्याकडे कलती करा. मुठीचा शेंडा साधारण जांघेपर्यंत यावा. पोटापर्यंत आला तर बॅट मोठी आहे. दुकानात लहान बॅटींना एक ते सहा असे नंबर असतात, त्यापुढे हॅरो आणि मग पूर्ण मापाची. पाच फुटांच्या आसपासच्या मुलीला साधारण सहा नंबर बसतो. "वाढत्या अंगाची आहे, मोठीच घेऊ" हा हिशोब फ्रॉकला चालतो, बॅटला नाही.

माप झालं की वजन बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीचा डावा हात मुठीवर वर असतो. त्या एकट्या हाताने तिला चार-पाच वेळा बॅट मागे नेऊन सरळ पुढे आणायला सांगा. बॅट वाकडी यायला लागली, मनगट थरथरलं, तर ती बॅट तिच्यासाठी जड आहे. जड बॅटने फटका उशिरा बसतो. मग मुलगी खालच्या हाताने जोर लावते, चेंडू हवेत जातो आणि झेल उडतो. मास्तर म्हणतात डोकं सरळ ठेव, पण बिचारीचं सगळं लक्ष बॅट उचलण्यातच जातं.

आता लाकूड. बॅटचं पातं विलो नावाच्या झाडाचं असतं. एक इंग्लिश विलो, ती महाग. दुसरी काश्मीर विलो, ती आपल्याच देशात काश्मीरमध्ये होते आणि शिकणाऱ्या मुलींना चांगली चालते. टेनिस चेंडूची बॅट मात्र वेगळी असते. ती हलकी आणि कमी मजबूत असते. तिने सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू खेळला तर ती तडकते. म्हणून विकत घेताना दुकानदाराला आधी सांगा की मुलगी कुठल्या चेंडूने खेळणार आहे.

सीझन बॉलसाठी नवी बॅट आणली की लगेच मैदानात न्यायची नाही. नवीन तवा आपण जसा आधी तेल लावून तयार करतो, तशी बॅटही तयार करावी लागते. हिला लागतं जवसाचं तेल. विदर्भातल्या मैत्रिणींच्या घरी जवसाची चटणी असतेच, त्याच जवसाचं. पण तेल कच्चं हवं. रंगाच्या दुकानात मिळतं ते उकळलेलं तेल बॅटला लावू नका.

तेल लावायची पद्धत अशी. मऊ फडक्यावर चमचाभर तेल घ्या. पात्याची समोरची बाजू, दोन्ही कडा, पाठ आणि खालचं टोक यांना पातळ हात फिरवा. मूठ कोरडी ठेवा. मूठ पात्यात जिथे बसवलेली असते, तिथे व्हीसारखा जोड दिसतो, त्यालाही तेल लागू देऊ नका, नाहीतर आतला डिंक सुटतो. बॅट रात्रभर आडवी ठेवा, समोरची बाजू वर. सकाळी उरलेलं तेल पुसून टाका. असे दोन-तीन पातळ हात, मधे एकेक दिवस सोडून. तेल जास्त पाजलं तर बॅट जड आणि मठ्ठ होते. पात्यावर पारदर्शक कागद चिकटवलेला असेल तर त्यावर तेल चढवायचं नाही, फक्त उघड्या लाकडाला लावायचं. आणि एक सावधगिरी. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते पसरून उघड्यावर वाळवा.

तेल मुरलं की बॅट ठोकायची. दुकानात यासाठी लाकडी मोगरी मिळते. नाहीतर जुना सीझन बॉल मोज्यात घालून, गाठ मारून वापरा. आधी हलक्या हाताने, मग हळूहळू जोर वाढवत. कडांवर सरळ घाव घालायचा नाही. तिरका ठोकायचा, म्हणजे कड थोडी गोल होते. खालच्या टोकावर आणि पाठीवर ठोकायचं नाही. हे काम एका बैठकीत होत नाही, सगळे मिळून चार-पाच तास तरी लागतात. आमच्याकडे मुली संध्याकाळी गप्पा मारत पाळीपाळीने ठोकतात. मग जुन्या चेंडूवर हलके फटके मारून बघा. चेंडूच्या शिवणीचे खोल वण पात्यावर उठले तर अजून ठोकायला हवं. नीट ठोकलेल्या बॅटवरून चेंडू सुटतोही चांगला आणि ती टिकतेही जास्त.

बॅट ठेवायची कुठे? पत्र्याच्या छताला लागून नको, चुलीजवळ नको, न्हाणीच्या ओल्या भिंतीलाही नको. उन्हाने लाकूड सुकून तडकतं, ओलीने खालचं टोक फुगतं. दव पडलेल्या मैदानावर बॅट टेकवून उभं राहिलं की पाणी टोकातूनच वर चढतं. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. टोकाला रबराची पट्टी चिकटवून घेतली तर उत्तम.

पात्यावर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, खेळून त्या येतातच. कडेला लहान चीर दिसली तर लाकडाचा डिंक भरून वर बॅटची पट्टी गुंडाळा. पण मूठ करकर वाजत असेल, हलत असेल, तर ती बॅट खेळातून काढा आणि कारागिराला दाखवा. मुठीवरचं रबर, म्हणजे ग्रिप, गुळगुळीत झालं की बदला. घामाने हात सरकतो आणि बॅट हातात फिरते. फटका चुकतो तो तिथेच. सगळ्या सामानात ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे आणि फरक लगेच कळतो.

आता हेल्मेट. इथे काटकसर नको. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज सिडनीत खेळत होता. डोक्यावर हेल्मेट होतं, तरी चेंडू हेल्मेटच्या खाली मानेला लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर जगभर हेल्मेटचे नियम कडक झाले. बीएस ७९२८:२०१३ असं एक प्रमाण आहे, हे अक्षर-आकडे हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीवर शोधा. मग पुढची जाळी बघा. चेंडू हातात घेऊन जाळी आणि टोपीच्या मधल्या फटीत दाबा. आत जाता कामा नये. मुलींच्या बाबतीत हे जास्त बघायचं, कारण महिलांचा चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षा थोडा लहान आणि हलका असतो. पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. जाळीचे स्क्रू सैल आहेत का, हनुवटीचा पट्टा घट्ट बसतो का, डोकं हलवल्यावर हेल्मेट डोळ्यांवर येतं का, हेही तपासा. हेल्मेटला एकदा जोराचा चेंडू लागला, तर वरून तडा दिसला नाही तरी ते बदला. आतला भाग दबलेला असतो. आणि असं हेल्मेट दुसऱ्या गावच्या मुलीला देऊन टाकू नका. तिचंही डोकं डोकंच आहे.

हातमोजे घामाने भिजतात. ते कडक उन्हात टाकले तर तळव्याचं चामडं पापडासारखं कडक होतं आणि पकड जाते. सावलीत, वाऱ्यावर, बोटं उघडी करून वाळवा. आतले सुती मोजे मात्र रोज धुवा. पॅडची वेलक्रोची पट्टी धाग्या-गवताने भरते, मग चिकटत नाही. जुन्या दातांच्या ब्रशने ती साफ करा. पॅडचा गुडघ्याचा फुगवटा बरोबर मुलीच्या गुडघ्यावर यायला हवा. बुटांचे तळवे बघा. रबराचे दाणे झिजले की मुलगी वळताना घसरते. बूट ओले झाले तर आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून सावलीत ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात मागायला मुली लाजतात आणि आपणही गप्प राहतो. छातीचं आणि ओटीपोटाखालचं संरक्षण मुलींसाठी वेगळं मिळतं. मुलांचं त्यांना बसत नाही, टोचतं. मग मुली ते घालतच नाहीत आणि चेंडूला घाबरून मागे सरकतात. लोक म्हणतात पोरगी भित्री आहे. आई, मावशी, गटातली एखादी ताई सोबत गेली आणि तिने मोकळेपणाने मागितलं, तर प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. हे सामान प्रत्येकीचं स्वतःचं असावं, धुतलेलं असावं. संचातून ते वाटून वापरायचं नाही.

हे सगळं लक्षात ठेवायचं कसं? आपल्याकडे त्यासाठी चांगलं हत्यार आहे, नोंदवही. बचतीची जशी ठेवतो तशीच सामानाची. कुठली वस्तू, कधी आणली, आता कुणाकडे आहे, काय बिघडलं, कधी दुरुस्त केलं. आमच्याकडे रविवारी सकाळी दहा मिनिटं मुली सामान ओट्यावर मांडतात. एक वाचते, दुसरी हात लावून बघते, तिसरी लिहिते. ग्रिप, कडा, टोक, मूठ. जाळी, स्क्रू, पट्टा. हातमोजे, पॅड, बूट. बिघडलेली वस्तू त्याच दिवशी बाजूला काढतात. दुरुस्तीसाठी प्रत्येक घरातून महिन्याला थोडी रक्कम वेगळी जमा होते. त्यामुळे ग्रिप बदलायला कुणाच्या वडिलांपुढे हात पसरावा लागत नाही. मुलींना त्यातून हिशोब ठेवायची सवय लागली, ती वेगळीच.

सामान चांगलं म्हणून प्रत्येक मुलगी देशाकडून खेळेल असं आम्ही म्हणत नाही. सराव, मैदान, शिकवणारा, घरचा पाठिंबा हे सगळं लागतंच. पण खेळ येतो की नाही हे ठरायच्या आधीच मोठ्या पॅडमुळे आणि जड बॅटमुळे मुलगी घरी बसू नये, एवढं आपल्या हातात आहे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या घरात, गल्लीत किंवा शाळेच्या खोलीत मुलींच्या खेळाचं जे काही सामान असेल ते बाहेर काढा. मुलींनाही बोलवा. मूठ हलवून बघा, जाळीत चेंडू दाबून बघा, पॅड गुडघ्याला लावून बघा. जे सापडेल ते वहीत लिहा आणि गटाच्या पुढच्या बैठकीत तो विषय घ्या. कर्जफेडीच्या आधी घेतला तरी चालेल.